सर्वांच्या वहीचे कारागीर

गावात नवी विहीर खणली जाते, त्या दिवशी सारा गाव तिच्या काठाशी गोळा होतो. पहिला घडा वर येताच सर्वांना आनंद होतो. परंतु पुढे दरवर्षी त्या विहिरीतला गाळ काढणारे, ढासळलेला दगड पुन्हा बसविणारे आणि रहाटाला वंगण देणारे हात फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. वास्तविक विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहते, ते ह्याच हातांमुळे. संगणकाच्या जगातही अशी एक मोठी विहीर आहे. जगातील लक्षावधी लोक रोज तिच्यातून ज्ञान भरून नेतात. ती चालू ठेवणाऱ्या कारागिरांची ही हकीकत आहे.

संगणकाने काय करावे, हे त्याला क्रमाने सांगणाऱ्या आज्ञांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या आज्ञावलीकाराने २५ मार्च १९९५ रोजी एक निराळीच सोय लोकांपुढे ठेवली. तोपर्यंत संगणकाच्या जाळ्यावरचे पान वाचावयाचे असे. त्यात बदल करण्याचा अधिकार मात्र पान बनविणाऱ्यालाच असे. कनिंगहॅम ह्यांच्या पानावर वाचकालाच लिहिता येऊ लागले. वाचता वाचता चूक दिसली, तर तेथल्या तेथे ती सुधारावी आणि पान पुन्हा जागेवर ठेवावे, इतके ते सोपे होते. ह्या सोयीला नाव काय द्यावे? होनोलुलू येथील विमानतळावर उतारूंची ने-आण करणाऱ्या बसगाडीला 'विकी विकी' असे म्हणत. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे जलद. कनिंगहॅम ह्यांना ते नाव आठवले, आणि सर्वांनी मिळून लिहावयाच्या ह्या वहीला 'विकी' हे नाव कायमचे मिळाले.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा ज्ञानकोश सुरू झाला. आरंभी त्याच्यासाठी क्लिफर्ड ॲडम्स ह्यांची एक साधी आज्ञावली वापरली जात असे. त्या आज्ञावलीत एका पानावरून दुसऱ्या पानाकडे वाट काढण्याची एक चमत्कारिक रीत होती. दोन इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटवून लिहावयाचे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत काढावयाचे, म्हणजे आज्ञावली त्याला दुवा समजे. आता विचार करा, देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद कोठे आहे? ही रीत तशीच राहिली असती, तर मराठीत एकही दुवा जोडता आला नसता. परंतु ॲडम्स ह्यांनी २००१ सालीच दुव्याभोवती दुहेरी चौकटी कंस घालण्याची नवी रीत आणली. कंस कोणत्याही भाषेतील शब्दाभोवती बसतो. पुढे १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा ही वाट तयारच होती.

विकिपीडिया वाढू लागला, तशी जुनी आज्ञावली अपुरी पडू लागली. ती पाने साध्या धारिकांत साठवीत असे. तेव्हा जर्मनीतील कोलोन येथे जीवशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या माग्नुस मान्स्के ह्या तरुणाने नवी आज्ञावली लिहिली आणि सर्व मजकूर डेटाबेसात, म्हणजे व्यवस्थित आखलेल्या कोष्टकांत, ठेवला. २५ जानेवारी २००२ रोजी ती वापरात आली. परंतु नवे घर बांधून झाले, तोच पाहुण्यांची गर्दी एवढी वाढली की तेही अपुरे पडले. पाने उघडण्यास फार वेळ लागू लागला. म्हणून ली डॅनियल क्रॉकर ह्यांनी त्याच वर्षी जवळजवळ सगळी आज्ञावली पुन्हा लिहिली, आणि जुलै २००२ मध्ये ती वापरात आली. २००३ साली तिचे 'मीडियाविकी' असे नामकरण झाले. आजचा विकिपीडिया हिच्यावरच चालतो.

ह्या आज्ञावलीचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ती मुक्तस्रोत आहे. तिच्यातील प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, उतरवून घेता येते आणि बदलता येते. जो बदललेली प्रत दुसऱ्यास देईल, त्याने तिचा स्रोतही त्याच अटींवर मोकळा ठेवावा, अशी तिच्या परवान्याची अट आहे. साध्या घड्याळाचे झाकण बंद असते; आत काय बिघडले, ते घड्याळजीलाच ठाऊक. मुक्तस्रोत आज्ञावलीचे झाकण उघडे असते. म्हणून तिच्यातील दोष कोणीही शोधू शकतो. परंतु 'कोणीही शोधू शकतो' म्हणजे दोष आपोआप सापडतो असे नव्हे. त्यासाठी पद्धत लागते.

ती पद्धत कोणती? पहिली पायरी म्हणजे दोष नीट सांगणे. 'पान चालत नाही' एवढ्या तक्रारीने कारागिराला काहीच कळत नाही. वैद्याकडे गेलेल्या रोग्याने 'मला बरे वाटत नाही' एवढेच सांगून गप्प बसावे, तसे ते होईल. मी काय केले, त्यानंतर काय झाले आणि काय होणे अपेक्षित होते, ह्या तीन गोष्टी तक्रारीत असाव्या लागतात. मीडियाविकीच्या तक्रारींची नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. २००४ साली त्या नोंदवहीत जी पहिली तक्रार नोंदली गेली, ती मोठी बोधप्रद आहे. ती यंत्राच्या बिघाडाची नव्हती; 'माहितीपत्रके जुनी व अपुरी आहेत' अशी होती. अवजार कसे वापरावे हे नीट लिहिलेले नसेल, तर चांगले अवजारही अर्धवटच उपयोगी पडते, हे त्या लोकांना तेव्हाच उमगले होते.

दुसरी पायरी म्हणजे तो दोष पुन्हा घडवून पाहणे. जो दोष पुन्हा घडविता येत नाही, तो सुधारला की नाही हे कळणार कसे? येथे पुष्कळदा एक फसगत होते. विकिपीडियाचे प्रत्येक पान प्रत्येक वाचकासाठी नव्याने जुळविले जात नाही. एकदा जुळविलेल्या पानाची तयार प्रत पुढच्या सर्व्हरवर ठेवलेली असते आणि तीच वाचकांना दिली जाते. त्यामुळे यंत्रांवरचा भार फार कमी होतो. परंतु कधी कधी मूळ पान सुधारले तरी वाचकाला जुनीच प्रत दिसत राहते. अशा वेळी दोष आज्ञावलीत आहे असे मानून तिची तोडमोड करणे चुकीचे ठरेल. तयार प्रत काढून टाकली की सुधारलेले पान दिसू लागते. म्हणून जाणता कारागीर आधी सोपे कारण तपासतो आणि मग अवघड कारणाकडे वळतो.

तिसरी पायरी म्हणजे दोष कोठून शिरला ते शोधणे. समजा, महिन्यापूर्वी एखादी सोय ठीक चालत होती आणि आज चालत नाही. मधल्या काळात आज्ञावलीत १००० बदल झाले. ते एकेक करून तपासावेत काय? नाही. कारागीर बरोबर मधला, म्हणजे ५०० वा बदल घेतो. त्या ठिकाणी आज्ञावली ठीक चालत असेल, तर दोष पुढच्या अर्ध्या भागात आहे. चालत नसेल, तर मागच्या अर्ध्या भागात. उरलेल्या भागाचेही तो पुन्हा दोन भाग करतो. अशा रीतीने सुमारे १० तपासण्यांत १००० बदलांतून नेमका दोषी बदल हाती येतो. गणिताचा असाही उपयोग असतो!

आता आपल्या मराठीशी संबंध असलेला एक खरा दोष पाहू.

विकीच्या पानात जो बदल करतो, त्याने आपण काय बदलले आणि का बदलले हे एका ओळीत लिहावे, अशी सोय असते. तिला 'सारांश' म्हणतात. ही ओळ दिसावयास लहान, पण तिचे काम मोठे. ज्या वहीत अनोळखी माणसे एकमेकांचे लेखन बदलतात, त्या वहीत परस्परांचा विश्वास ह्या ओळीवर टिकतो. 'किल्ल्याची उंची बदलली' एवढेच लिहिले, तर दुसऱ्याला शंका येते आणि तो ती जुनीच करून ठेवतो. 'पायथ्यापासूनची उंची काढून समुद्रसपाटीपासूनची घातली' असे कारण लिहिले, तर वाद उद्भवतच नाही.

ह्या सारांशाला अनेक वर्षे २५५ ची मर्यादा होती. पण २५५ काय? २५५ अक्षरे नव्हेत, तर २५५ बाइट. संगणकात साठवणीचे जे लहानसे माप असते, त्याला बाइट म्हणतात. एका बाइटात आठ घरे असतात आणि प्रत्येक घरात ० किंवा १ असतो. त्यांच्या निरनिराळ्या मांडण्या २५६ होतात, म्हणजे ० पासून २५५ पर्यंतच्या संख्या एका बाइटात लिहिता येतात. सारांशासाठी मुळात जो रकाना आखला होता, त्यातील मजकुराची लांबी एकाच बाइटात नोंदविली जात असे. २५५ हा आकडा आला तो असा.

इंग्रजीतील एक अक्षर एका बाइटात मावते. जगातील सर्व लिप्या साठविण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिचे नाव यूटीएफ-८. केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्यांनी ती १९९२ साली रचली. जुने इंग्रजी मजकूर बिघडू नयेत म्हणून ह्या रीतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट दिलेला आहे. रशियन अक्षराला २ बाइट लागतात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. शिवाय आपली काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही चिन्हे संगणक निराळी मोजतो. 'महाराष्ट्र' हा शब्द घ्या. म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी त्यात १० चिन्हे आहेत. प्रत्येकी ३ प्रमाणे ३० बाइट झाले. हाच शब्द इंग्रजी लिपीत लिहिला, तर ११ अक्षरे होतात आणि ११ च बाइट लागतात.

हिशेब स्पष्ट आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला सारांशात २५५ अक्षरे मिळत. रशियन लिहिणाऱ्याला १२७. आणि मराठी, हिंदी किंवा बंगाली लिहिणाऱ्याला अवघी ८५ चिन्हे. त्यांतही काना-मात्रांची मोजणी वेगळी. किल्ल्याच्या उंचीचे वर दिलेले साधे कारणसुद्धा ह्या मर्यादेचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापते. कारण थोडे सविस्तर मांडू लागताच मराठी लेखकाची जागा संपे.

हा अन्याय कोणी हेतुतः केला होता काय? मुळीच नाही. ज्यांनी रकाना आखला, त्यांच्या मनात मराठीविषयी आकस नव्हता. यूटीएफ-८ ही रीतही वाईट नव्हे. तिच्यामुळेच एका पानावर सर्व लिप्या सुखाने नांदू शकतात. चूक होती ती मोजमापात. सभागृहात किती माणसे मावतील हे ठरविताना डोकी मोजावीत. त्यांचे वजन करू नये. येथे लेखनाचे वजन होत होते, आणि ज्या लिपीचे वजन जास्त तिला जागा कमी मिळत होती. पुष्कळ दोष असेच असतात. ते दुष्टपणातून निर्माण होत नाहीत; आखणाऱ्याला जे दिसत नाही, त्यातून ते निर्माण होतात. म्हणूनच ज्याला ते बोचतात, त्याने बोलले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, 'मग रकाना मोठा केला की झाले!' पण ते इतके सोपे नव्हते. हा सारांश एकाच कोष्टकात नव्हता. पानांच्या आवृत्त्यांच्या कोष्टकात तो होता, अलीकडील बदलांच्या यादीत होता, वगळलेल्या पानांच्या आणि चित्रांच्या नोंदींतही होता. मोठ्या विकींवर अशा कोष्टकांत कोट्यवधी ओळी असतात. शिवाय ज्ञानकोश क्षणभरही बंद ठेवावयाचा नव्हता. चालत्या आगगाडीचे चाक बदलण्यासारखाच हा प्रसंग होता.

कारागिरांनी प्रथम नीट विचार केला. त्यांनी सारांशांसाठी एक स्वतंत्र कोष्टक केले. प्रत्येक सारांशाला एक क्रमांक दिला, आणि इतर कोष्टकांत सारांशाऐवजी तो क्रमांक लिहावा असे ठरविले. ह्यात आणखी एक लाभ झाला. 'शुद्धलेखन सुधारले' असा सारांश हजारो लोक लिहितात. तो आता हजार वेळा साठविण्याचे कारण उरले नाही. एकदा साठवून त्याचा क्रमांक सर्वत्र वापरता येऊ लागला.

मग बदल पायऱ्यापायऱ्यांनी करण्यात आला. पहिल्या पायरीवर नवा सारांश जुन्या जागी आणि नव्या जागी, दोन्हीकडे लिहिला जाऊ लागला. काही बिघडलेच, तर जुनी जागा शाबूत होती. दुसऱ्या पायरीवर लेखन फक्त नव्या जागी होऊ लागले; वाचताना मात्र नव्या जागी सारांश न सापडल्यास जुन्या जागी पाहिले जाई. तिसऱ्या पायरीवर सर्व जुने सारांश एकेक करून नव्या कोष्टकात हलविण्यात आले. हे सारे पुरे झाल्यावरच शेवटच्या पायरीवर जुने रकाने काढून टाकावयाचे होते. प्रत्येक बदल दुसऱ्या जाणत्याने वाचून पाहावा आणि मगच तो मूळ आज्ञावलीत घ्यावा, असा मीडियाविकीचा शिरस्ता आहे. घाई करून एक दोष काढताना दहा दोष घालू नयेत, म्हणून ही खबरदारी.

ह्या नव्या रचनेमुळे २०१८ साली विकिपीडियावर सारांशाची मर्यादा ५०० चिन्हांची झाली. बाइटांची नव्हे, चिन्हांची! इंग्रजी लिहिणाऱ्याची जागा सुमारे दुप्पट झाली; मराठी लिहिणाऱ्याची ८५ वरून ५०० वर, म्हणजे जवळजवळ सहापट झाली. त्याहून महत्त्वाचे हे की, दोघांना आता एकाच मापाने जागा मिळू लागली.

तरीही काम संपलेले नाही. पानाच्या शीर्षकाला आजही २५५ बाइटांचीच मर्यादा आहे. म्हणजे देवनागरी शीर्षक ८५ चिन्हांहून लांब ठेवता येत नाही. शीर्षके सहसा आखूड असतात, म्हणून हा दोष तितकासा बोचत नाही. परंतु ज्या दिवशी तो एखाद्याला फार बोचेल, त्या दिवशी त्याला तक्रार नोंदविण्याची वाट मोकळी आहे, आणि आज्ञावलीचे झाकणही उघडेच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या कामात केवळ आज्ञावली लिहिणारेच लागतात असे समजू नका. मीडियाविकीच्या पडद्यावर जे शब्द दिसतात, 'संपादन', 'इतिहास', 'शोधा' इत्यादी, ते कोणीतरी मराठीत आणले म्हणून आपल्याला मराठीत दिसतात. ट्रान्सलेटविकी नावाच्या ठिकाणी निरनिराळ्या भाषांचे स्वयंसेवक हे भाषांतर करीत असतात. एखादा शब्द चुकला असेल, तर योग्य शब्द सुचविणे हीही दुरुस्तीच आहे. दोष नेमका कसा घडतो हे चार ओळींत स्वच्छ लिहून ठेवणारा माणूस तर कारागिराचे अर्धे काम आपणच करून टाकतो. आणि ते लिहिण्यासाठी लागते ती संगणकाची भाषा नव्हे, तर आपली स्वतःची भाषा नीट वापरण्याची सवय.

एखादी वस्तू बिघडली की तिला नावे ठेवणे सोपे असते. ती का बिघडली हे शांतपणे शोधणे, इतरांना कळेल असे सांगणे आणि चालते काम न थांबविता ती सुधारणे, हे कठीण असते. जे सर्वांचे असते, त्याची काळजी कोणीच घेत नाही, असे लोक म्हणतात. सर्वांच्या ह्या वहीने मात्र दाखवून दिले आहे की, जे सर्वांचे असते, त्याची काळजी सर्वांना घेता येते.

स्वाध्याय

१. 'विकी' हे नाव कोणत्या गोष्टीवरून पडले? त्या शब्दाचा अर्थ काय?

२. दुव्याची जुनी रीत देवनागरीत का चालली नसती?

३. चांगल्या तक्रारीत कोणत्या तीन गोष्टी असाव्या लागतात? आपल्या शाळेतील एखाद्या नादुरुस्त वस्तूविषयी तशी तक्रार लिहा.

४. 'शुद्धलेखन' ह्या शब्दात काना-मात्रा व हलन्त धरून किती चिन्हे आहेत ते मोजा. त्याला किती बाइट लागतील?

५. जुने रकाने एकदम काढून न टाकता पायऱ्यापायऱ्यांनी बदल का केला? तुमच्या शब्दांत सांगा.

६. 'सभागृहात किती माणसे मावतील हे ठरविताना डोकी मोजावीत. त्यांचे वजन करू नये.' ह्या वाक्याचा पाठातील संदर्भ स्पष्ट करा.